छातीचा फोटो

स्वयंपाकघरात खेळणाऱ्या लेकीच्या हातून झाकणी खणकन पडली, तशी शर्वरी दचकली. दवाखान्याचा फोन ठेवल्यापासून ती आणि तिचे वडील एकमेकांकडे न बघता बसले होते.

"कॅनडात कायमचं राहायचं तर छातीचा फोटो लागतो ना, त्यात माझ्या जुन्या टीबीचा व्रण दिसला, दादा. औषधं पुरी केल्याचे कागद आणा म्हणतात. एखादा तरी उरला असेल ना हो?"

"सगळेच जाळले गं पोरी. तुझ्या साखरपुड्याआधी, बंबात. टीबीचं नाव काढलं तरी स्थळं पाठ फिरवायची तेव्हा."

रागवायला तिला तोंडच नव्हतं. काडी तिनेच ओढली होती, आणि लग्नानंतरही नवऱ्याजवळ चकार शब्द काढला नव्हता. आता कागदांवाचून थुंकीच्या तपासणीत दोन महिने जाणार, आणि त्याने तर जायच्या भरवशावर राजीनामाही देऊन टाकलेला.

"जावईबापूंना सांगू काहीतरी," दादा पुटपुटले.

"आणखी किती काहीतरी सांगायचं, दादा?"

तेवढ्यात पाच वर्षांची लेक फोन कानाला लावूनच बाहेर आली. "आई, बाबा विचारतायत, डॉक्टर काय म्हणाले? मी काय सांगू?"