नावानं शोध

अंगदनं योगीराजचा उजवा हात टेबलावर दाबून धरला आणि काठी हाणली. बोटं मोडल्याचा आवाज कोपऱ्यातल्या कपाटांपर्यंत गेला.

"काका इचारतेत ते सांग. कागद कुणी नेला?"

काका, म्हणजे अंगदचे सख्खे चुलते बद्रीनाथ आण्णा, समोरच्या खुर्चीत बसले होते. विधानसभेचं तिकीट अजून जाहीर व्हायचं होतं आणि आजच्या पेपरात त्यांची जुनी शिक्षा छापून आली होती. ऊसतोड मजुराला मारून टाकल्याची. ती त्यांनी तरुणपणीच भोगली होती. माजलगाव विसरूनही गेलं होतं.

तो निकाल लॉ कॉलेजच्या याच ग्रंथालयात जुन्या बाडांत धूळ खात पडला होता. योगीराज वर्षभर ती बाडं स्कॅन करून कॉम्प्युटरवर चढवत होता. आता नाव टाइप केलं, की निकाल समोर यायचा. कुणीतरी आण्णांच्या नावानं शोधून प्रिंट नेली होती.

"मारू नका ओ, आण्णा," दारात उभ्या ग्रंथपाल रुद्राणी मॅडम रडत म्हणाल्या. "लेकराबाळांचा बाप हाय तो."

योगीराजनं त्यांच्याकडं पाहिलं. आण्णांनी ते टिपलं.

"हिनं दिला का बे?"

"न्हाई! मॅडमला हात लावू नका. म्या सांगतो..."

अंगदची काठी सरळ तोंडावर बसली. दात तुटून कीबोर्डवर पडला. मग अंगदनं मॉनिटर उचलून फरशीवर आपटला. काचा मॅडमच्या पायांपर्यंत उडाल्या.

"थांब बे," आण्णा म्हणाले. "त्याला बोलू दे."

योगीराजनं रक्त थुंकलं. आधी अंगदकडं पाहिलं, मग काठीकडं.

"माहीत न्हाई, आण्णा. म्या जेवाया गेलतो. कुलूप घालायचं राहिलं."

आण्णांनी पुढं वाकून त्याची हनुवटी वर केली, डोळ्यांत पाहिलं. मग उठले.

"याला खरंच ठाव न्हाई. चल."

"तुमी व्हा म्होरं, काका. याला दवाखान्यात टाकून येतो. मेला तर आणखी एक केस व्हायची."

बाहेर जीप सुरू झाली. मॅडम पाणी आणायला धावल्या. अंगदनं खाली बसून योगीराजचं डोकं मांडीवर घेतलं आणि आपल्या उपरण्यानं त्याचं तोंड पुसलं.

"शाबास," तो कानाशी लागून म्हणाला. "काकाचं तिकीट आता मलाच. परवा मला प्रिंट काढून देताना धा येळा दाराकडं बघत होतास बे. वाटलं, काकापुढं फुटशील."