अर्धी मिटलेली बोटं

बाळांनो, सुऱ्यांचं मोठं प्रदर्शन डोळ्यांसमोर आणा. तिथे एक स्वयंपाकीण लेकीला घेऊन शेवटच्या स्टॉलपाशी आली आहे. आजारपणानंतर तिच्या उजव्या हाताची बोटं अर्धवटच मिटतात, आणि उद्या मालकासमोर कांदे चिरून दाखवले, तरच तिची नोकरी टिकणार आहे. "ताई, नुसती टेकवा, काम फत्ते!" सुऱ्यांना मुठी बसवणारा कारागीर म्हणाला. तिने सुरी टोमॅटोवर टेकवली, तशी ती हातातून निसटून टेबलावर आपटली. सकाळपासूनची ही अकरावी. "सुरी चांगलीय हो, हातच माझा परका झालाय." "आई, अजून एक बघ ना!" "किती बघू गं? सगळ्या मुठी धडधाकट हातांसाठीच असतात." दालनातले दिवे मालवू लागले. लेकीने दप्तरातून हस्तकलेची ओली माती काढली, मुठीभोवती थापली, आईची बोटं तिच्यात दाबली आणि म्हणाली, "काका, अशीच मूठ बसवा. आम्ही थांबतो."