नेमकी जागा

"आजचा दिवस मानवजातीच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिला जाईल!" जेवणाच्या टेबलावर जावयाने जाहीर केलं. त्वचेच्या कॅन्सरच्या पेशींपायी त्याने प्रयोगशाळेत अर्धं आयुष्य घातलं होतं. "पेशीच्या पृष्ठभागावर रिसेप्टर असतो. दारावरची बेलच समजा ना. आमचं औषध बरोब्बर त्या जागी जाऊन बसलं, की आतलं खवळलेलं एन्झाइम एकदम गप्प!"

"मीठ सरकवा जरा," सासरे म्हणाले. जावई नेमकं काय करतो असं कुणी विचारलं, की ते आजवर 'बाटल्या विसळतो' एवढंच सांगत आले होते.

जेवणानंतर मात्र त्यांनी त्याला हळूच आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि सदरा वर केला.

"जावईबापू, पाठीवर एक तीळ आहे. सापडतोय का बघा."

जावयाचा ऊर भरून आला. अखेर आपल्या विद्येची कदर झाली! भिंग आणून, टॉर्च लावून त्याने तीळ चहूबाजूंनी न्याहाळला.

"निर्धास्त राहा, बाबा. अगदी साधा तीळ आहे."

"ते डॉक्टरांनी मागेच सांगितलंय हो."

"मग?"



"माझा हात पोचत नाही. त्या तिळाच्या दोन बोटं खाली जरा खाजवता का?"