डावा सायलेन्सर

पुण्याच्या गिऱ्हाइकाची गाडी मांडवीच्या वळणावर दिसली, तेव्हा दीपक मेकॅनिक जुन्या येझदी मोटरसायकलीमागे उकिडवा बसून तिच्या उजव्या सायलेन्सरमध्ये नारळाचं सोडण कोंबत होता. तेवढ्यात यमुनाकाकी बांगडे सुकत घालायला अंगणात आली. डावा राहिला. दीपकने हात पुसले आणि साळसूद चेहरा केला.

येझदी रावजीकाकांची, सत्त्याऐंशी सालची. इंजिन एक, धूर सोडायला सायलेन्सर दोन. काका जाऊन दोन वर्षं झाली, तरी दर रविवारी दीपक येऊन ती पाच मिनिटं चालू करायचा. इंजिन जाम होऊ नये म्हणून, असं सांगायचा. खरं तर त्याला तो ठेका ऐकायचा असायचा. काका बंदरावरून निघाले की तो अख्ख्या आळीला ऐकू यायचा, आणि काकी भाताखालचा जाळ कमी करायची.

आता मुलाने, हर्षदने, मुंबईहून फोनवरच सौदा ठरवला होता. काकी म्हणाली, नेऊ देत, अंगण तरी मोकळं होईल. दीपकचा रविवार कोणी विचारात घेतला नव्हता.

गिऱ्हाईक हौशी निघालं. आरे-वारेच्या रस्त्याने येझदी चालवतच नेणार, ड्रायव्हर कार घेऊन मागून येईल, बंद गाडी नको, हे त्याने आल्याआल्या सांगून टाकलं. मग तो किक शोधू लागला. गिअरचाच दांडा वर उचलला की त्याची किक होते, हे दीपकने त्याला सांगितलं, पण दोन मिनिटं मजा बघून.

दीपकचा हिशोब साधा होता. एका सायलेन्सरवर गाडी खोकत खोकत चालू होणार, मग आपण मान हलवायची आणि म्हणायचं, पिस्टन गेलाय साहेब.

पण ती खोकलीसुद्धा नाही. वीस किका झाल्या. गिऱ्हाइकाचा शर्ट भिजला. दीपकने प्लग काढून बघितला, ठिणगी ठणठणीत. आता त्यालाच घाम फुटला. पोरीला खरंच काही झालं की काय?

शेवटी गिऱ्हाईक हात जोडून निघालं. काकीने त्याला चार सुके बांगडे बांधून दिले.

त्याची कार वळणाआड गेल्यावर दीपकने पकडीने सोडण ओढून काढलं. मग सहज डाव्या सायलेन्सरमध्ये बोट घातलं. आत कापड लागलं. ओढलं तर येतच राहिलं. जांभळ्या लुगड्याचा हातभर तुकडा, घट्ट पिळून बसवलेला.

त्याने काकीकडे बघितलं. ती पाठमोरी, बांगडे उलटत होती.

"तो टाकू नको हां," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी कोल्हापूरचा येतोय."

दीपकने प्लग पुसून बसवला आणि किक मारली. तिसऱ्या किकेला दोन्ही नळ्यांतून निळा धूर सुटला, आणि तो ठेका आळीभर गेला.

काकी बांगडे तसेच टाकून उठली, आणि गॅस बारीक करायला आत गेली.