अप्सरा, क्रमांक नऊ

नटीने सिगारेटच्या पाकिटातून निघालेलं चित्र फोटोग्राफरच्या टेबलावर आपटलं. बोटभर लांबीचा, गुळगुळीत पुठ्ठा. त्यावर तीच होती, मांडीवर फुलं घेऊन बसलेली. खाली छापलं होतं, ‘रंगभूमीच्या अप्सरा, क्रमांक नऊ’.

फोटोग्राफर खुलला. “पाहिलंत ना? नऊ नंबरासाठी लोक पाकिटांवर पाकिटं फोडतायत. घरोघरी, खिशोखिशी तुम्हीच आहात, बाई.”

“काल नाटक सुटल्यावर एकाने हे माझ्या तोंडापुढे धरलं. म्हणाला, अशाच हसा बघू. ते जाऊ दे. ही फुलं कुठून आली?”

फोटो काढला तेव्हा तिच्या मांडीवर सहा महिन्यांची लेक होती. त्यानंतर पंधरा दिवसांत ती तापाने गेली. फोटो न्यायला यायची आईची वर्षभर छाती झाली नव्हती.

“फोटोची मूळ काच दाखवा, जिच्यावरून प्रती निघतात ती.”

त्याने कपाटातून काच काढली. खिडकीशी जाऊन तिने ती उजेडात धरली. मांडीवरची जागा खरवडून साफ केली होती आणि वर ब्रशने फुलं भरली होती.

“सिगारेट कंपनीला अप्सरा हवी होती,” तो पुटपुटला. “लेकुरवाळी अप्सरा कोण घेणार? पण काम सफाईचं झालंय. कुणाला कळायचं नाही.”

“काच खरवडण्याआधी एखादी प्रत काढली असेल.”

“नाही. तुम्ही आलाच नाहीत.”

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आवाज मात्र चढला नाही.

“कशाने खरवडलंत?”

सवयीने त्याची नजर टेबलावरच्या बारीक पात्याकडे गेली. तिने ते उचललं, काच टेबलावर ठेवली आणि काचेवरचं स्वतःचं कपाळ खरवडायला घेतलं.

“अहो, काय करताय? उद्या कंपनीचा माणूस येतोय काच न्यायला. दुसरी खेप छापायचीय.”

त्याने हात पुढे केला. तिने मान वर करून फक्त पाहिलं. हात मागे गेला.

डोळे गेले. हसू गेलं. गळा, दागिने, मग ती फुलंसुद्धा. काळा भुगा तिने फुंकून टाकला आणि पातं खाली ठेवलं.

काचेवर आता दोन हातच उरले होते. डावा हात अजून मानेखाली आधार द्यावा तसा वाकलेला होता. तिने काच रुमालात गुंडाळली आणि त्याच हातावर घेऊन जिना उतरली.