साठ फोटोंचं स्थळ

"जागा अपुरी आहे," असं कॉम्प्युटरने तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा दुरुस्तीला आलेल्या उपेंद्रने कपाळाला हात लावला. उद्या वधू-वर मेळावा होता. तीनशे स्थळांची यादी नव्या सॉफ्टवेअरमधूनच छापायची होती, आणि मंडळ चालवणाऱ्या कुमुदताईंच्या कॉम्प्युटरवर ते चढायलाच तयार नव्हतं.

"ताई, लग्नं झालेल्यांच्या फाइली काढून टाका की!"

"अशा कशा काढू? गेल्या वर्षी दोघं परत आले."

संसार ठीक चाललाय हे फोनवर ऐकल्याशिवाय ताई कुणाचीच फाइल काढत नसत. फोन सुरू झाले. दुपारपर्यंत बावीस संसार सुखाचे निघाले, तरी थोडी जागा कमीच पडली. उपेंद्रने सगळ्यांत जड फाइल शोधली आणि तो ओशाळला. ती त्याचीच होती. बुलेटवर बसून, गॉगल लावून काढलेले तब्बल साठ फोटो! चार वर्षांपूर्वी त्याचं लग्न ताईंनीच जमवलं होतं.

"ही बिनधास्त काढा. आमचं छान चाललंय."

"ते तू कोण सांगणार?" म्हणत ताईंनी त्याच्या बायकोला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "रेवती, सुखी आहेस ना गं? नवरा इथेच बसलाय. तुमच्या दोघांच्या फाइली काढू का?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी झाली. उपेंद्र खुर्चीत पुढे सरकला.

"ह्यांची काढा, ताई," रेवती म्हणाली. "माझी असू दे."

सॉफ्टवेअर निमूट चढलं. उपेंद्र मात्र समोरचा चहा तसाच टाकून घराकडे सुटला.