पडवीतली आजी

गावोगावचे एजंट घरांचे, जमिनींचे फोटो पाठवायचे आणि दर्शना रत्नागिरीत बसून ते आपल्या वेबसाइटवर टाकायची. तिचा दंडक एकच होता, फोटोत माणूस नको. घर मोकळं दिसलं की गिऱ्हाईक लवकर वळतं.

चिपळूणकडच्या एका घराचा फोटो मात्र घाईत तसाच गेला. दुसऱ्या दिवशी बघते तर पडवीत एक म्हातारी पाय पसरून बसलेली. दर्शनाने तिला स्क्रीनवर बोटाने पुसून टाकलं, वेबसाइटवरचा फोटो बदलला आणि पुढच्या कामाला लागली.

आठवड्याने घरमालक सखाराम धनावड्यांचा मुंबईहून फोन आला.

"ताई, घराला गिऱ्हाईक मिळालं. उद्या सही करतोय. जाहिरात काढलीत तरी चालेल."

"छान झालं. आणि त्या पडवीतल्या आजींची सोय कुठे केलीत?"



"म्हणजे तुम्हालापण दिसली," धनावडे हळूच म्हणाले. "आईला जाऊन तीन वर्षं झाली, ताई. तेव्हापासून घराला कुलूप आहे. फोटोत बसलेली दिसली, तसं मी मोबाइलसमोरच हात जोडून गाऱ्हाणं घातलं. म्हटलं, आये, घर विकू नये असं वाटत असेल, तर अशीच बसून राहा. दुसऱ्या दिवशी बघितलं, तर आपणहून उठून गेली होती. म्हणून तर विकतोय."